ओट्यासमोरची निवड समिती

भाऊजी,

चौकात तुमचा फ्लेक्स लागला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली तुम्ही टाय लावून, केस चापून बसवून, नजर समोर ठेवून बसलेले. जाणारा-येणारा थबकला की मला वाटायचं, आता हा विचारणार, 'स्वतःविषयी थोडं सांगा.' पण करणार काय? मंडळी फोटो मागायला आली तेव्हा मी कपाट उपसलं. घरातल्या प्रत्येक लग्नात तुम्ही वाढायला, त्यामुळे अल्बमात तुमचा हात आणि आमटीची बादली तेवढी आलीय. बाकी निघाले ते सगळे पासपोर्ट साइज, दरवर्षी नव्या अर्जासाठी काढलेले. टाय सगळीकडं तोच. केस तेवढे वर्षावर्षाला मागं सरकलेले. मी ते सगळे पलंगावर मांडले आणि त्यातला जरा कमी घाबरलेला निवडला. तुमची निवड करायची मला सवयच होती.

तुम्ही पुण्याच्या कॉलेजात नगररचना शिकवता, एवढं गावाला माहीत होतं. पण नगररचना म्हणजे काय, आणि ती शिकवायला दरवर्षी नव्यानं नोकरी का लागते, हे कुणाला समजलं नाही. घोडेगावात मास्तर एकदा लागला की पेन्शनीपर्यंत मास्तर. तुमची ऑर्डर अकरा महिन्यांची. मे महिन्यात ती संपायची, तुम्ही पुण्यातली जागा सोडायचात, पुस्तकांची खोकी एसटीत टाकून आमच्याकडं यायचात, आणि जूनमध्ये स्वतःच्याच खुर्चीसाठी पुन्हा इंटरव्ह्यू द्यायला जायचात. जुन्नरच्या एका पाहुण्यांनी मुलगी दाखवायच्या आधीच विचारलं होतं, "अकरा महिने नोकरी, ते कळलं. बाराव्या महिन्यात आमच्या पोरीनं काय करायचं, पावणं?" सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात. मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ हात धूत उभे राहिलात. मी पाहिलं. टॉवेल नेऊन दिला.

समिती स्थापन झाली ती अशाच एका मे महिन्यात. मी भाकरी थापत होते आणि मधल्या खोलीतून तुमचा आवाज येत होता. आत दुसरं कुणीच नव्हतं.

"कुणाशी बोलताय, भाऊजी?"

"डेमो लेक्चर आहे, वहिनी. इंटरव्ह्यूला द्यावं लागतं. भिंतीला शिकवतोय."

"भिंतीला कळतंय का?"

"भिंत निदान प्रश्न तरी विचारत नाही."

"मग या इकडं. मी विचारते."

तुम्ही आलात आणि ओट्यासमोर रिकाम्या सिलिंडरवर बसलात. पुढं ती उमेदवाराची ठरलेली जागा झाली. मी अध्यक्ष. विषयतज्ज्ञ म्हणून तुमचे दादा, पारगावच्या साखर कारखान्यातली पाळी करून कॉटवर आडवे झालेले. मी म्हटलं, तज्ज्ञ तर झोपलेत. तुम्ही म्हणालात, "असू द्या. खऱ्या कमिटीतही एक जण झोपलेला असतोच."

पहिला विषय निघाला चटईक्षेत्र निर्देशांक. मी म्हटलं, चटई कळली, पुढचं सांगा. माझं शिक्षण मंचरच्या कॉलेजातलं एफवाय, तेही लग्न ठरलं म्हणून अर्ध्यात सुटलेलं. पण अध्यक्षाला शिक्षण लागत नाही, चेहरा गंभीर लागतो. तुम्ही इकडंतिकडं पाहिलं आणि दादांचा जेवणाचा डबा उचललात. "हे बूड म्हणजे प्लॉट. ह्यावर एकावर एक किती पुडं चढवायची, त्याला सरकारनं घातलेली मर्यादा, ती ही."

कॉटवरून आवाज आला, "मधल्या पुडातली भाजी खाली सांडती, त्याचं काय?"

"तेच ना, दादा! ड्रेनेज!" तुम्ही उडालातच सिलिंडरवरून. त्या वर्षी तुम्ही खरंच डबा घेऊन इंटरव्ह्यूला गेलात आणि अकरा महिन्यांची ऑर्डर घेऊन आलात. दादा पुढं बरेच दिवस कारखान्यात सांगत होते, की पुण्याच्या इंजिनिअरांना आमच्या डब्यानं शिकवलं. तुम्ही इंजिनिअर नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मग तो दुसरा विषय आला. नुसत्या नगररचनेला पोरं येईनात, म्हणून कॉलेजनं 'रिअल इस्टेट डेव्हलपमेंट' काढलं आणि तुमच्या गळ्यात घातलं. जागा कशी घ्यायची, इमारत कशी उभी करायची, कुणाला काय परवडतं, हे सगळं तुम्ही शिकवणार, आणि स्वतः राहणार तिघांत एक खोली घेऊन कॉट बेसिसवर. मी हसले. तुम्ही म्हणालात, "पोहायला शिकवणाऱ्याची स्वतःची विहीर असावी लागते का?" मी लगेच शेरा मारला, 'उमेदवार उद्धट आहे'.

त्या विषयावरून आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. डिंभ्याच्या रस्त्याला मोठा बोर्ड लागला होता, 'सह्याद्रीच्या कुशीत तुमचं दुसरं घर'. तुम्ही स्कूटर थांबवलीत. ती स्कीम तुमच्या एका विद्यार्थ्याची होती. त्यानं आदल्याच आठवड्यात फोन करून 'सर, सगळं तुमच्यामुळं' असं सांगितलं होतं. मी मागं बसून म्हटलं, "चांगलं झालं की. पोरगं मार्गी लागलं."

"वहिनी, वर बघा. डोंगर कापून रस्ता काढलाय. पावसाचं पाणी कुठं जाणार?"

"मग हे शिकवलं नव्हतं का त्याला?"

"शिकवलं होतं. परीक्षेत बरोबर लिहिलंही होतं त्यानं."

ह्यावर मी म्हटलं, मग तुमच्या शिकवण्याचा उपयोग काय? बोलण्याच्या भरात म्हटलं. तुम्ही किक मारलीत आणि स्कूटर थेट घरी आणलीत. संध्याकाळी जेवताना आपणहून म्हणालात, "एखादा तरी असेल ना, वहिनी, जो रस्ता काढताना दोन मिनिटं थांबत असेल?" मी म्हटलं, "असेल." तुम्ही म्हणालात, "हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय." मी म्हटलं, "हो." तिथंच ते राहिलं. परवा त्याच विद्यार्थ्याचा फोन आला होता. खूप रडला. तो थांबतो का, हे विचारावंसं वाटलं, पण रडणाऱ्या माणसाला काय विचारणार?

एक मात्र तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. आमच्या घरात माझं मत विचारणारे तुम्ही एकटेच. तुमचे दादा माणूस सोन्यासारखा, पण घरी आले की टीव्ही, आणि टीव्हीतली माणसं सगळं स्वतःच बोलतात. लेक नाशिकला, तिच्या संसारात. तुम्ही मला घेऊन घोडेगावच्या स्टँडवर उभे राहिलात आणि विचारलंत, "वहिनी, इथं काय बदलाल?" इतकी वर्षं त्या स्टँडवरून मी माहेरची गाडी पकडली, पण तिथं काही बदलता येतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी म्हटलं, वर डोंगरातल्या आहुप्याच्या बाया गाडीची वाट बघत उन्हात ओझ्यावर बसतात, त्यांना बसायला कट्टा आणि वर सावली. तुम्ही म्हणालात, "बरोबर. माझ्या शहाण्या पोरांनी नकाशात इथं मॉल काढला होता." त्या दिवशी मी घरी येऊन आरशात बघितलं. वयाच्या पंचेचाळिशीत बाई काय बघणार आरशात? पण बघितलं.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा टाळायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

खरी कमिटी शेवटी एक प्रश्न हमखास विचारते, असं तुम्ही सांगितलं होतं. घरी कोण कोण आहे? जबाबदाऱ्या काय? आपल्या तालमीत मी तो विचारला, तेव्हा तुम्ही सरळ सांगून टाकलंत, "आईवडील नाहीत. घोडेगावला भाऊ आहे, वहिनी आहे. शनिवारी त्यांच्याकडं जातो. तेच घर."

"नापास," मी म्हटलं.

"का?"

"शनिवारी गावाला पळणारा माणूस सोमवारी दांडी मारणार, असं वाटेल त्यांना. एकटा जीव आहे, मागं कुणी नाही, म्हणाल तिथं यायला तयार आहे, असं सांगा."

"असं कसं म्हणू, वहिनी?"

"म्हणायला काय जातंय? आम्ही काय ऐकायला येणार आहोत तिथं?"

कमिटीच्या अध्यक्षानं फार पुढचं बघायचं असतं म्हणतात. मी परातीपलीकडं बघितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो उत्तरेकडच्या विद्यापीठाचा इंटरव्ह्यू आला. कायमची नोकरी. अर्धी नगररचना, अर्धी रिअल इस्टेट, राहायला क्वार्टर. आणि इंटरव्ह्यू लॅपटॉपवर. तुमचं बिऱ्हाड तेव्हा आमच्याकडंच, म्हणून तो आमच्या मधल्या खोलीत व्हायचा ठरला. मी सकाळपासून मिक्सर बंद ठेवला, कुकर लावला नाही. तुमच्या मागची भिंत चांगली दिसावी म्हणून रुखवतातली भरतकामाची चादर काढून टांगली. वरून कोट-टाय आणि खालून दादांचा लेंगा असे तुम्ही खुर्चीत बसलात. दादांना दारावर उभं केलं. नेमक्या शेजारच्या सुमनकाकू विरजण मागायला आल्या.

"काकू, नंतर या. आत परीक्षा हाय."

"कुणाची रं?"

"आमची समद्यांची."

मी दाराआड लसूण सोलत बसले होते. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण कळतं बऱ्यापैकी. तुम्ही छान बोलत होतात. डब्याचं उदाहरण आलं, पलीकडचं कुणीतरी हसलं, आणि मला कळलं की हे काम होणार. आनंदानं मी लसूण सालीसकट वाटीत टाकला. मग त्यांनी विचारलं, एनी फॅमिली कमिटमेंट्स?

तुम्ही थांबलात. आपल्या तालमीत तुम्ही तिथं कधी थांबत नव्हता.

"नो, सर. देअर इज नोबडी."

उत्तर बरोबर होतं. माझंच होतं. मीच घोटून घेतलेलं. पण पोरीकडून पाठ करून घेतलेली कविता आणि तिनं स्टेजवर म्हटलेली कविता ह्यांत फरक असतो, तसं काहीतरी झालं. मी वाटीतल्या साली वेचत बसले.

तुम्ही बाहेर आलात. टाय सैल केलात. "कसं झालं?"

"पास," मी म्हटलं.

"वहिनी, ते शेवटचं जे म्हटलं ना मी..."

"चहा टाकते," मी म्हटलं.

आणि चहा टाकला. आपल्या घरात मनातलं बोलायची वेळ आली की चहा होतो. चहापत्ती उगाच एवढी संपत नाही.

तुम्ही गेलात. इंटरव्ह्यूसाठी मे महिन्यात खोकी घेऊन यायचं काही कारण राहिलं नाही. मी सगळ्यांना पेढे दिले, तुमच्या दादांनी कारखान्यात दिले, आणि जूनमध्ये पहिल्यांदा ओट्यासमोरचा सिलिंडर उचलून मागच्या दारी नेऊन ठेवला. इतकी वर्षं पायात येतो म्हणून मीच ओरडत होते. तिथं मोकळी जागा झाली. मोकळी जागा हवी, हवी असं तुम्ही शिकवायचात. ह्या जागेचं काय करायचं हे नाही शिकवलंत.

दर रविवारी फोन यायचा. तिकडची थंडी, तिकडचे राजमे. मासवडी हा प्रकार तिथल्या लोकांना समजावून सांगताना तुम्ही हरलात आणि शेवटी मला व्हिडिओ कॉलवर करून दाखवायला लावलीत. क्वार्टर कसंय म्हटलं तर म्हणालात, "दोन बेडरूम आहेत. एकीत मी झोपतो, दुसरीत माझा आवाज राहतो." मी हसले. तुम्हीही हसलात. रविवारी आपण दोघंही फार हसायचो. आता वाटतं, जरा जास्तच हसायचो.

शेवटच्या रविवारी तुम्ही खुशीत होता. तुम्हालाच निवड समितीवर घेतलं होतं. नवा मास्तर निवडायचा होता.

"वहिनी, आता मी टेबलाच्या ह्या बाजूला. सांगा, काय विचारू?"

"काहीही विचारा. घरी कोण असतं, ते तेवढं विचारू नका."



"का हो?"

"दूध उतू चाललंय, ठेवते," मी म्हटलं. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

"बरं," तुम्ही म्हणालात. "सुट्टीत येतो, तेव्हा सांगा."

त्याच आठवड्यात, सकाळच्या तासाला जाताना, जिन्यात.

तिथल्या माणसांनी तुमच्या घरच्यांना शोधायला सुरुवात केली. तुमच्या फोनमध्ये 'घर' असं काही नव्हतं. 'दादा' होतं, तिथं लावत राहिले. गळीत हंगाम, दादा पाळीवर, आणि फोन लॉकरमध्ये. माझा फोन इकडं फ्रिजवर माझ्यासमोर होता. पण तुम्ही मला तिकडं 'कमिटी' म्हणून ठेवलं होतं. दर रविवारी एवढं बोलणं, त्यांना वाटलं ऑफिसचं काही असेल. दुपार टळून गेल्यावर कुणाच्या तरी मनात आलं, की ह्या कमिटीला विचारून बघू, त्यांच्याकडं घरचा नंबर असेल.

माझा फोन वाजला. नंबर तुमचाच. आवाज दुसऱ्याचा, हिंदी. "माफ कीजिए, आप कमिटी से बोल रही हैं?"

मला वाटलं, तुमचीच काहीतरी खोडी. कुणा मित्राला फोन लावायला बसवलंय. मी आवाज जाड केला आणि म्हटलं, "हां, कमिटी बोल रही है. कँडिडेट को अंदर भेजो."

भाऊजी, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या दादांनाही नाही. पलीकडचा तो माणूस नुसता 'मॅडम, मॅडम' म्हणत राहिला.

दादा घरी आले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. ते दारातच उभे राहिले, हातात फोन. "लॉकरला व्हता," म्हणाले. "लई वेळा वाजलाय." बाकी तेव्हापासून ते फारसं बोललेले नाहीत. पण आता टीव्ही लावत नाहीत. आम्ही दोघं समोरासमोर बसतो. मी काहीतरी विचारते, ते मान हलवतात. परवा अचानक म्हणाले, "तो आला की घरात आवाज असायचा." मग पाणी पिऊन झोपले. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्याच मनातलं वाक्य त्यांच्या तोंडून येण्याची ही पहिली वेळ.

आज दुपारी विद्यापीठाच्या ऑफिसातून फोन आला. क्वार्टर रिकामं करायचं आहे. पुस्तकं, कपडे, भांडी, सगळं कुणाकडं पाठवायचं? बाई भली होती. चाचरत बोलत होती.

"आप उनकी कौन?"

"भाभी."

"वैसे, उनके घर में कौन-कौन है? हमको तो यही मालूम था कि सर का कोई नहीं है."

मी खाली बसले. समोर लसूण नव्हता, दूध नव्हतं, चहाला कुणी नव्हतं. टाळायला काहीच नव्हतं. इतकी वर्षं समितीवर बसून मी नुसते प्रश्न विचारले. स्वतः उत्तर द्यायची पाळी आज पहिल्यांदा आली.

मी म्हटलं, "मैं हूँ. उनका भाऊ है. घोडेगाव में घर है उनका. पहिले से है."

ती काहीतरी लिहून घेत होती. पुन्हा एकदा सांगा म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, तुम्ही शिकवायचात तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं.

हिंदी चुकली असेल, भाऊजी. बाकी उत्तर बरोबर आहे.